रेचाआधीचे सात दिवस

'डिटॉक्स' हा शब्द आता आमच्या पिढीच्याही तोंडी बसला आहे. पूर्वी आम्ही 'पोट साफ होणं' म्हणायचो, फारच झालं तर 'कोठा साफ करणं'. आता सकाळच्या फिरण्याच्या कंपूत कुणी 'सध्या माझं डिटॉक्स चाललंय' असं म्हणालं की समजावं, आज ही व्यक्ती फिरून झाल्यावर इडली खायला यायची नाही! मध्यंतरी एकीनं एक रंगीत पत्रक आणलं होतं. त्यात म्हटलं होतं की डिटॉक्स एकदम सुरू करू नये, आधी सात दिवस शरीराचे निचऱ्याचे मार्ग मोकळे करून घ्यावेत. त्यासाठी वेगळी पुडी, वेगळा चहा, वेगळं तेल आणि अर्थातच वेगळे पैसे. "बाई, तुम्ही संस्कृत शिकवायच्या ना? हे आपल्या आयुर्वेदातलंच आहे का हो?" तिनं विचारलं.

प्रश्न चांगला होता. 'हो' म्हणावं तरी पंचाईत, 'नाही' म्हणावं तरी पंचाईत. मी वैद्य नाही, हे आधीच सांगून टाकते. पण जुने ग्रंथ चाळायची खोड आहे, आणि घरात वडिलांकडून आलेली निर्णयसागर छापखान्याची चरकसंहिता आहे, यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादन केलेली, १९४१ सालची. पानं आता पापडासारखी मोडतात. तरी ती काढली, आणि त्या प्रश्नाच्या मागे लागून बरीच लांब जाऊन आले. वाचकहो, जरा धीर धरून माझ्याबरोबर चला. विषय पोटाचा आहे, तेव्हा नाक मुरडू नका.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ३० अध्याय आहेत. त्यांच्या क्रमाकडे आधी बघा. तेरावा अध्याय स्नेहाचा, म्हणजे तूप-तेलाचा. चौदावा स्वेदाचा, म्हणजे शेकण्याचा, घाम आणण्याचा. वमन (ओकारी काढणं) आणि विरेचन (रेच देणं) प्रत्यक्षात कसं करावं, हे पंधराव्यात येतं. म्हणजे 'आधी मार्ग मोकळे करा' ही गोष्ट पत्रकवाल्यांनी शोधलेली नाही, ती दोन हजार वर्षांची तरी जुनी आहे. तिला 'पूर्वकर्म' असं नाव आहे.

पण या सगळ्याच्या कितीतरी आधी, सातव्या क्रमांकावर, एक अध्याय येतो. त्याचं नाव 'नवेगान्धारणीय'. वेग धारण करू नयेत, असा त्याचा अर्थ. शरीराचे १३ वेग दिले आहेत: मूत्र, मळ, शुक्र, अपानवायू, ओकारी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमानं लागणारी धाप. हे आले की अडवू नयेत. अडवले तर काय होतं, तेही एकेक करून सांगितलं आहे. लघवी तुंबवली तर ओटीपोटात कळ, लघवीला त्रास, डोकेदुखी, माणूस वाकून जातो. मळ अडवला तर पोटात आणि डोक्यात दुखतं, पोट फुगतं, पोटऱ्यांना वळ येतात. हे पोटऱ्यांचं वाचून मला हसू आलं होतं, पण लिहिणाऱ्यानं रोगी जवळून पाहिले होते एवढं त्यावरून कळतं. गंमत म्हणजे पुढे लगेच त्यानं अडवायचे वेगही सांगितले आहेत. लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर, कठोर बोलणं. हे मात्र आले की धरून ठेवावेत! आपण बरोबर उलटं करतो, ते सोडून द्या.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. शरीराच्या नैसर्गिक निचऱ्याच्या मार्गांना मदत करा, असं म्हणतात ना, त्या मार्गांना अडथळा नेमका कशाचा होतो, हे मी नोकरीची सगळी वर्षं पाहिलं आहे. एका खेड्यातल्या शाळेत मी बरीच वर्षं होते. नाव सांगत नाही, तशा शाळा शेकड्यांनी होत्या. आठवी ते दहावीच्या मुली तीन-चार किलोमीटर चालत यायच्या. शाळेत मुलींसाठी म्हणून एक मुतारी होती, तिला कडी नव्हती, पाणी नव्हतं, आणि तिची वाट मुलांच्या खेळाच्या मैदानावरून जायची. मुलींनी त्यावर आपला उपाय काढला होता. घरून निघताना पाणी प्यायचं नाही, आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत प्यायचं नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हातसुद्धा! प्रार्थनेला उभ्या असताना एखादी मुलगी भोवळ येऊन खाली बसायची. एखादी चार-चार दिवस यायची नाही, मग आई सांगायची, 'लघवीला जळजळ होतीय, ताप भरलाय.' आम्ही शिक्षिका आळीपाळीनं दारात उभ्या राहायचो, पण दिवसातून किती वेळा उभं राहणार?

एकाच वेळी मूत्र आणि तहान असे दोन वेग त्या मुली रोज आठ तास धरून ठेवत होत्या. त्यांना कुठली पुडी द्यायची होती? कडी लागणारं दार आणि पाण्याची बादली, एवढंच. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानं मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं शाळेच्या निकषांत घातली, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा महिन्यांत सगळ्या शाळांत ती बांधा असा आदेश दिला. तोवर मी निवृत्त झाले होते. सातव्या अध्यायातली गोष्ट न्यायालयानं सांगावी लागली.

असो. तेराव्या अध्यायाकडे येऊ. रेच देण्याआधी रोग्याला तूप किंवा तेल पाजायचं. रोज सकाळी, वाढत्या मात्रेनं. ज्याचा कोठा हलका त्याला तीन दिवस, ज्याचा कोठा जड त्याला सात दिवस. सातापुढे नाही. पत्रकातले 'सात दिवस' कुठून आले, ते इथे सापडलं. म्हणजे चरकानं जी कमाल मर्यादा सांगितली, ती पत्रकवाल्यांनी सरसकट सगळ्यांना लावली. मग अंगाला शेक. विस्तवाच्या मदतीनं शेकण्याचे १३ प्रकार दिले आहेत, नळीनं वाफ देण्यापासून ते जमिनीत खड्डा करून त्यावर निजवण्यापर्यंत. विस्तवाशिवाय घाम आणण्याचे आणखी १०. त्यात व्यायाम, उबदार खोली, जाड पांघरूण, ऊन, भूक हे तर आहेतच, पण भीती, राग आणि कुस्तीसुद्धा आहे! शेक कुणाला देऊ नये, याचीही यादी आहे. गर्भवती, अतिसार झालेला, मधुमेही, तहानेलेला, भुकेला. आणि याच यादीत पुढे रागावलेला आणि शोक करणाराही आहे. घरात मयत झालेल्या माणसाला घामाच्या खोलीत बसवू नका. हा विचार कुठल्या पत्रकात मला अजून दिसलेला नाही.

स्नेहपान संपलं म्हणजे लगेच रेच नाही. वमनासाठी एक दिवस थांबायचं, विरेचनासाठी तीन दिवस. एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर जुन्या वैद्यांनी उपमांनी दिलं आहे, आणि सगळ्या उपमा घरातल्या, परसातल्या आहेत. वाळलेलं लाकूड तेल लावून शेकलं तर हवं तसं वाकवता येतं. सुश्रुत त्याच लाकडाची दुसरी बाजू सांगतो: न तेलवता, न शेकता वाकवायला गेलात तर कडकन मोडतं, आणि तयारी न करता रेच घेणाऱ्याचं शरीर तसंच मोडतं. तूप लावलेल्या भांड्यातून पाणी अलगद निसटतं. कपड्याचा मळ आधी सुटा करावा लागतो, मग धुतला जातो. (आमच्या आईनं हे कुठल्याही ग्रंथाशिवाय सांगितलं असतं. कपडे आदल्या रात्री सोड्यात भिजत का घालतात?)

मला सगळ्यांत पटलेली उपमा मात्र वाग्भटाची आहे, अष्टांगहृदयातली. तो म्हणतो, दोष कच्चे असताना, सगळ्या अंगात पसरलेले असताना काढायला जाऊ नका. कच्च्या फळातून रस पिळायला गेलात तर रस येत नाही आणि फळ मात्र नासतं. आधी पाचन, मग स्नेह, मग स्वेद, आणि वेळ आली की मग शोधन. या सगळ्या उपमांमागे काय आहे, तर भीती आहे. रेच ही या वैद्यांच्या लेखी धोक्याची गोष्ट होती. तूप, शेक, थांबणं ही सगळी त्या धोक्याभोवती घातलेली कुंपणं होती.

हे केवळ ग्रंथातलं नव्हतं, याचा एक पुरावा भलत्याच ठिकाणी सापडतो. पाली विनयपिटकाच्या महावग्गात जीवक वैद्याची कथा आहे. भगवान बुद्धांना शरीर जड वाटू लागलं, रेच घ्यावासा वाटला. आनंदानं जाऊन जीवकाला सांगितलं. जीवकानं पहिली गोष्ट काय सांगितली? भगवंतांच्या शरीराला काही दिवस स्नेहन करा, मग मला येऊन सांगा. ते झाल्यावर तो औषध घेऊन आला, आणि तेही जहाल नाही. औषधानं भावित केलेली कमळं, तीन ओंजळी, फक्त हुंगायला. एकेका ओंजळीनं दहा वेळा, असे तीस रेच व्हायचे होते. दारातून बाहेर पडल्यावर जीवकाच्या मनात आलं की शरीर जड आहे, तेव्हा एकोणतीसच होतील, आणि स्नान केल्यावर तिसावा होईल. तसंच झालं, अशी कथा. कमळं हुंगून रेच होतात का, ते बाजूला ठेवा. कथा सांगणारे भिक्षू होते, वैद्य नव्हेत. त्यांना आणि ऐकणाऱ्यांना 'आधी काही दिवस स्नेहन' ही पायरी कुणी समजावून सांगावी लागली नाही. ती लोकांना ठाऊकच होती.

आणि फक्त आपल्याकडेच? तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटीसच्या नावावर जी वैद्यकीय सूत्रं आहेत, त्यात जवळजवळ हेच आहे. रेच द्यायचा असेल तर आधी शरीर वाहतं करा. पक्व झालेले द्रव काढा, कच्चे काढू नका. ज्यांना हेलेबोर नावाच्या जहाल मुळीनं सहज ओकारी होत नाही, त्यांना आधी जास्त अन्न आणि विश्रांती देऊन शरीर ओलसर करून घ्या. कुणी कुणाकडून घेतलं याचा वाद विद्वानांनी घालावा. मला वाटतं, दोन्हीकडच्या वैद्यांच्या हातून काही रोगी दगावले असणार, आणि त्यातून दोघेही तेच शिकले असणार.

आपल्या कोकण-गोव्याचा या इतिहासात एक छोटा वाटा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्यानं उपचार केले. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात निशोत्तर, बहावा, हिरडे, चिंच अशा आपल्याकडच्या रेचक वस्तूंवर सविस्तर चर्चा आहे. युरोपातल्या औषधविक्यांना ही द्रव्यं माहीत होती, पण ती कुठल्या झाडाची, कशी लागतात, हे त्यानं इथे प्रत्यक्ष बघून लिहिलं. (बिचाऱ्याच्या मरणानंतर, १५८० मध्ये, धर्मसभेनं त्याची हाडं उकरून जाळली. तो ज्यू होता म्हणून. शुद्धीकरणाचं वेड पोटापुरतं थांबत नाही.)

आता इथपर्यंत 'विष' हा शब्द आलेला नाही, हे लक्षात आलं का? चरकाचे वात-पित्त-कफ ही विषं नव्हेत. ती शरीर चालवणारीच द्रव्यं, प्रमाण बिघडलं की दोष. 'आपल्या आतड्यात विष साठतं आणि ते रक्तात भिनून सगळे रोग होतात' ही कल्पना, जिच्यावर आजचं डिटॉक्स उभं आहे, तिचा मोठा गाजावाजा झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पॅरिसमध्ये. शार्ल बुशार या डॉक्टरानं १८८७ साली आपली व्याख्यानं प्रसिद्ध केली. विषय, शरीराचं स्वतःचंच स्वतःला विष चढणं. माणसाचं मूत्र सशांना टोचून ते किती विषारी आहे याची मोजमापंही त्यानं केली होती. जंतुशास्त्र नवं होतं, आतड्यात असंख्य जंतू आहेत हे नुकतंच कळलं होतं. तेव्हा ही कल्पना वणव्यासारखी पसरली. मेचनिकॉफसारख्या नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञाला मोठं आतडं ही निरुपयोगी, घातक वस्तू वाटत होती. त्यानं निदान दही खा म्हणून सांगितलं, ते बरं.

लंडनचा सर आर्बथनॉट लेन मात्र दह्यावर थांबला नाही. तो गाईज हॉस्पिटलमधला नावाजलेला शस्त्रवैद्य, हाडं जोडण्याच्या कामात तर पहिल्या प्रतीचा. त्याचं ठाम मत झालं की मळ साचणं हेच असंख्य रोगांचं मूळ. मग निचऱ्याची वाट सुधारायची कशाला, ती वाटच कापून टाकावी! बद्धकोष्ठाच्या रोग्यांची, त्यात बायका फार, मोठी आतडी त्यानं काढून टाकली. सगळ्याच जगल्या नाहीत. १९१३ साली तिथल्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषावर मोठी चर्चा झाली, बाजूनं आणि विरुद्ध. त्याआधीच, १९०६ मध्ये, बर्नार्ड शॉनं 'द डॉक्टर्स डिलेमा' नाटकात एक शस्त्रवैद्य उभा केला होता, ज्याला प्रत्येक रोग्यात रक्तात भिनलेलं विष दिसतं आणि जो त्यासाठी प्रत्येकाच्या पोटातली एक काल्पनिक पिशवी कापून काढतो. प्रेक्षक हसले. शस्त्रक्रिया चालूच राहिल्या.

मग १९१९ साली वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरानं एक साधा प्रश्न विचारला. बद्धकोष्ठानं डोकं जड होतं, मळमळतं, सुस्ती येते, हे खरं. पण पोट साफ होताक्षणी माणसाला मोकळं वाटतं, तेही खरं. लक्षणं जर रक्तात भिनलेल्या विषाची असती, तर ती घटकेत कशी गेली असती? दारू प्यायलेल्याची बाटली काढून घेतली म्हणून त्याची नशा उतरत नाही. म्हणजे त्रास विषाचा नसून मळाच्या दाबाचा, ताणाचा आहे. एवढी साधी गोष्ट! आतड्यातल्या विषाची ती कल्पना वैद्यकातून हळूहळू बाहेर पडली.

बाहेर पडून गेली कुठे? बाजारात, आणि निसर्गोपचारात. जर्मनीतल्या लाइप्झिगच्या लुई कुन्हेचं 'शरीरात साठलेलं परकं द्रव्य हाच एक रोग' हे मत आणि त्याची कटिस्नानं आपल्याकडे गांधीजींमुळे पोचली. गांधीजींनी एनिमा, मातीच्या पट्ट्या, उपास यांचे प्रयोग आयुष्यभर केले, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तो पुढे मणिभाई देसाईंनी वाढवला. तिथे जाऊन बरं वाटलेली माणसं मी पाहिली आहेत. साधं अन्न, वेळेवर झोप, चालणं, शांतता, एवढ्यानंही पुष्कळ बरं वाटतं. तेव्हा आश्रमाबद्दल माझी तक्रार नाही. पण 'विष' ही कल्पना लाइप्झिग-पॅरिसहून आली आणि तिला आता चरकाचं धोतर नेसवलं आहे, हे सांगायला हवं. फिरण्याच्या कंपूतल्या त्या प्रश्नाला माझं उत्तर हे होतं. आधीची तयारी आपली, विषाची भीती त्यांची, आणि पुडीची किंमत कुणाची ते तुम्हीच ठरवा!

आजचं विज्ञान काय म्हणतं, ते थोडक्यात. शरीरातून नको ते काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यातला बहुतेक सगळा परत घेऊन दीड-दोन लिटरच बाहेर टाकतात. त्यांना सुटी देता येत नाही आणि 'धुऊन' काढता येत नाही. त्यांना इजा मात्र करता येते. मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करायची तर आतडं पूर्ण रिकामं करावं लागतं. हा डॉक्टरी रेचच म्हणायचा. त्यासाठी सोडियम फॉस्फेटची औषधं सर्रास दिली जात. ती काहींच्या मूत्रपिंडांना कायमची इजा करतात, असं दिसल्यावर डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कडक इशारा दिला. आता बहुधा क्षार मिसळलेलं, शरीरात शोषलं न जाणारं द्रावण देतात. माझी स्वतःची ही तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, दोन दिवस कोंडा-पालेभाजी बंद करून मऊ भात-दही खायला सांगितलं. मला वाटलं, अरे, हे तर पूर्वकर्म!

रसांचंही तसंच. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. दुधी कडू लागला तर रस टाकून द्या, हा तिचा सल्ला आपल्या आज्यांना पाठच होता. दुधी चिरताना टोक चाखून बघायची रीत उगाच नव्हती. पालकाचे पेलेच्या पेले पिऊन मूत्रपिंडं बंद पडल्याच्या घटनाही वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत.

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ, वय सत्तरीपुढचं, रक्तदाबासाठी लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या घेणारे. मुलानं प्रेमानं आणून दिलेलं तीन दिवसांचं डिटॉक्स त्यांनी केलं. रेचक चूर्ण, दिवसाला चार-पाच लिटर पाणी, मीठ बंद. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वहिनींना ओळखेनात. मुलाला वाटलं अर्धांगाचा झटका. रक्तातलं सोडियम एकदम उतरलं होतं. चार दिवस रुग्णालयात राहून बरे झाले. खोक्यावर 'संपूर्ण नैसर्गिक' लिहिलं होतं, पण 'तुम्ही कोणत्या गोळ्या घेता?' हा प्रश्न कुठेच नव्हता. रेच कुणाला देऊ नये याची चरकाची यादी काही पानं भरते. तिथे म्हातारा आहे, दुबळा आहे, लहान मूल आहे, थकलेला आहे.

घरोघरच्या एरंडेलाचं काय, असं कुणीतरी विचारणारच. आमच्या लहानपणी, पन्नास-साठच्या दशकांत, शाळा सुरू व्हायच्या आधीच्या एखाद्या रविवारी ते व्हायचंच. आदल्या रात्री मऊ भात आणि तूप, सकाळी सुंठीच्या काढ्यात एरंडेल, वर लिंबाची फोड चोखायला. दुपारी पेज, संध्याकाळी मेतकूट-भात, दुसऱ्या दिवशी कुठे वरण-पोळी. आज पाहते तर यात सगळी रचना आहे. आधीचा स्निग्ध आहार आहे, आणि नंतरचा क्रमही. चरक रेचानंतर पेज, मग दाट पेज, मग कढणं, असं चढत चढत नेहमीच्या जेवणावर आणतो, उत्तम शुद्धी झालेल्याला बारा जेवणांत. एरंडेल आतड्यावर नेमकं कसं काम करतं, हे मात्र २०१२ साली उलगडलं. त्यातल्या रिसिनोलेइक आम्लाला आतड्याच्या स्नायूंत एक ठरावीक ग्राही सापडतो, त्याचं बटण दाबलं जातं आणि आतडं आवळतं. विष वगैरे काही ओढून काढत नाही. निरोगी मुलाला त्याची गरज नव्हती, हे आता सगळेच बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि मी नातवंडांना कधी दिलं नाही. पेज मात्र दिली.

पंधराव्या अध्यायातला एक प्रसंग सांगायचा राहिला. रेच देण्याआधी कायकाय जमवून ठेवावं, हे आत्रेय सांगत असतो. तेव्हा अग्निवेश, त्याचा शिष्य, मधेच विचारतो. वैद्य जाणकार असेल तर औषध लागू पडणारच, आणि नसेल तर जमवाजमव करून उपयोग नाही. मग आधी हे सगळं कशाला? वर्गात असा एखादा मुलगा असतोच, आणि तो असला तरच शिकवायला मजा येते. आत्रेय रागावत नाही. तो म्हणतो, दोष, औषध, देश, काळ, बळ, शरीर, आहार, वय यांचे भेद इतके सूक्ष्म आहेत की भल्याभल्यांची बुद्धी चक्रावते. म्हणून आधी तयारी. मग तो घराचं वर्णन करतो. घर भक्कम हवं, वाऱ्याचा झोत नको पण हवा खेळती हवी, धूर-धूळ-ऊन नको. पाणी, उखळ-मुसळ, संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघर. आचारी, अंग रगडणारे, रोग्याला उठवून बसवणारे. गाणारे, वाजवणारे, गोष्टी सांगणारे. लावे, ससे, हरणं. वासरू जिवंत असलेली दुभती गाय.

एवढं सांगून झाल्यावर, हे राजांसाठी आणि पैसेवाल्यांसाठी, असं तो स्वतःच म्हणतो. गरिबावर वेळ आली तर त्यानं ही दुर्मीळ सामग्री जमवत बसू नये. सगळ्या माणसांकडे सगळी साधनं नसतात, आणि भयंकर रोग गरिबांना होत नाहीत असं तर नाही. त्यानं जे मिळेल ते औषध घ्यावं, जे असेल ते वस्त्र पांघरावं, आणि जमेल ते अन्न खावं.